माझ्या पडद्यावरचा चिंचोका

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा डोळा भाजलेला आहे आणि छातीवरच्या झडपेची डागडुजी झालेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहान गावातल्या कारखान्यात झाला. तिथून मी बोटीने थायलंडला आलो आणि ट्रकमधून कोराट शहरातल्या एका संशोधन संस्थेत. तिथे भिक्खूंनी मंत्र म्हणून माझ्यावर पाणी शिंपडले. मला कपाळ नाही, म्हणून माझ्यातली हवा उपसणाऱ्या पंपावरच पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके दिले. ते ठिपके अजून पुसट दिसतात.

माझे काम सोपे करून सांगतो. धातूच्या चकतीवर अतिनील प्रकाश पाडला की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. तेही फक्त अगदी वरच्या दोन-चार अणूंच्या थरांतून. खालच्यांना बाहेर पडता येत नाही. ते मी गोळा करतो, विजेच्या भिंगांतून नेतो आणि पडद्यावर त्यांचे चित्र उमटवतो. इमारतीला मजले असतात तसे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांनाही असतात. कोण कोणत्या मजल्यावरून उडी मारून आला हे मला कळते. पदार्थ वीज वाहून नेईल की अडवील, हे त्या मजल्यांवरून ठरते. साध्या सूक्ष्मदर्शकाला पदार्थाचा चेहरा दिसतो, मला त्याचा स्वभाव दिसतो.

मात्र माझ्या पोटात हवा चालत नाही. हवेचा एक घोट आत आला की चकतीवर घाण बसते आणि मग पडद्यावर घाणच दिसते. चुकून हवा शिरलीच, तर मला चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून चार-चार दिवस भाजावे लागते. आतल्या भिंतींना चिकटलेले पाणी निघून गेले, की मी पुन्हा पाहू लागतो.

हे सगळे माझ्यासाठी करणारी बाई म्हणजे पी ओइ. ‘पी’ म्हणजे ताई किंवा दादा, आणि ‘ओइ’ म्हणजे ऊस. खरे नाव विलायवान, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. तिच्याकडे मोठी पदवी नव्हती. पंपाचा आवाज ऐकून ती माझी तब्येत सांगायची. चकत्या बसवताना श्वास रोखायची. दुपारी बांबूच्या टोपलीतला चिकट भात माझ्यापासून दहा हात लांब बसून खायची आणि हात दोनदा धुऊन यायची. तिने माझ्याकडून सोळा वर्षे चित्रे काढून घेतली. बँकॉकचे पाहुणे त्या चित्रांचे कौतुक करीत. तेव्हा ती मागे उभी राहून माझ्या नळ्यांवरची धूळ पुसत असे.

तिने ज्यांना शिकवले त्यांत एक पिसित होता. तो विद्यार्थी म्हणून आला तेव्हा त्याच्या हातात चिमटा थरथरायचा. पी ओइने त्याचा हात धरून त्याला चकती उचलायला शिकवले. खानावळ बंद झाली तर ती त्याला आपल्या टोपलीतला भात द्यायची. पुढे तो परदेशी जाऊन आला आणि आचान पिसित झाला. आचान म्हणजे गुरुजी. तिने लगेच त्याला ‘आचान’ म्हणायला आणि आधी हात जोडायला सुरुवात केली. तो मात्र तिला पूर्वीसारखे ‘पी ओइ’च म्हणायचा. मला ते तेव्हा फार आवडायचे.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सोंगक्रानचा पाण्याचा सण तोंडावर आला होता. आचान पिसितला सुट्टीपूर्वी बँकॉकला एक चित्र पाठवायचे होते आणि चित्र फिके येत होते. पी ओइ जेवायला गेली होती. त्याने अतिनील दिवा पूर्ण उघडला आणि पडद्याचा विजेचा दाब थेट शेवटच्या खुणेपर्यंत चढवला. या दोन गोष्टी एकत्र कधीही करायच्या नाहीत, हे तिने त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका पांढरा झाला. मग तो काळा पडला. चिंचोक्याएवढा, चिंचोक्याच्याच आकाराचा. माझा डोळा तिथे मेला.

पी ओइ परत आली तेव्हा तो डोके धरून बसला होता.

“पी ओइ, वर आता काय सांगू?”

“झालं ते सांगा, आचान.”

“पुढच्या महिन्यात माझ्या बढतीची बैठक आहे. तुम्ही म्हणाल का, की तुमच्याकडून राहून गेलं? तुमच्यावर कोण रागावणार? सगळे तुम्हाला मानतात. आणि मी आहे ना.”

तिने पडद्यावरचा काळा ठिपका पाहिला. सणासुदीला वाद कशाला, असे काहीतरी पुटपुटली आणि नोंदवहीत स्वतःच्या नावाने ती चूक लिहून टाकली. मला आवाज असता तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो.

तिचे कंत्राट दर सप्टेंबरात पुढे वाढायचे. त्या सप्टेंबरात ते वाढले नाही. कारण एका शब्दाचे होते: निष्काळजीपणा. हे ज्या बैठकीत ठरले तिथे आचान पिसित हजर होता. तो तिच्याविरुद्ध काही बोलला नाही, आणि बाजूनेही नाही. शेवटच्या दिवशी पी ओइ त्याचा निरोप घ्यायला त्याच्या खोलीपाशी गेली. दार आतून बंद होते आणि त्याचे बूट दाराबाहेर ठेवलेले होते. ती त्या बुटांकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे आली, मला कोरड्या फडक्याने पुसले, मोगऱ्याची एक माळ पंपाला बांधली आणि गेली.

माळ तिसऱ्या दिवशी वाळली, पण माझा राग वाळला नाही. मित्रांनो, मला हात असते तर मी काय केले असते ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

पुढचे वाईट अजून यायचे होते. पिसितने एक शोध जाहीर केला. आपण एक नवाच पदार्थ बनवला आहे, त्याच्या पातळ थरातून वीज जवळजवळ अडथळ्याशिवाय धावते, आणि हे त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या मजल्यांवरून दिसते, असे त्याचे म्हणणे होते. पुरावा म्हणून एक चित्र. ते आपण जुलैत माझ्यावर काढले, असे त्याने लिहिले. मी जुलैत असे काही पाहिलेच नव्हते. पण मला कोण विचारणार? त्याला पारितोषिक मिळाले. ते चित्र निळ्या-सोनेरी रंगात रंगवून घराएवढ्या फलकावर छापले आणि हमरस्त्याला लावले.

मग जपानमधून पत्रे येऊ लागली. तिथल्या लोकांनी तसाच थर बनवला होता आणि त्यांना तसे काहीच दिसत नव्हते. मूळ नोंदी पाठवा, असे ते नम्रपणे लिहीत. पिसितने उत्तर दिले की नोंदींचा संगणक बिघडला आणि यंत्र म्हातारे होऊन आंधळे झाले आहे, आता त्यावर काही तपासता येणार नाही. आपले म्हणणे खरे ठरावे म्हणून त्याने मला बंद करवले. त्याच्या माणसांनी माझी झडप कसलाही विचार न करता उघडली. सोळा वर्षे जपलेल्या माझ्या पोटात कोराटची दमट हवा एका दमात शिरली. नंतर मला खानावळीमागच्या पत्र्याच्या गोदामात ढकलले. माझ्यावर मुंग्यांची रांग चालू लागली. एक मोठी पाल माझ्या भिंगाच्या डब्यामागे राहायला आली आणि रोज संध्याकाळी स्वतःच्याच घरात असल्यासारखी मला हाक मारू लागली. मी तिथे एकच गोष्ट करीत होतो. त्याचे नाव मनात घोळवत होतो.

पुढचे मला पी ओइने सांगितले. नोकरी गेल्यावर ती हमरस्त्याच्या बसथांब्याजवळ भाजलेली कोंबडी आणि चिकट भात विकू लागली होती. तो फलक तिच्या गाडीच्या बरोबर समोर लागला. पहिले दोन दिवस तिने तिकडे पाहायचे टाळले. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते. पंख्याने निखारे फुलवता फुलवता तिने वर पाहिले आणि तिचा हात थांबला. चित्राच्या डाव्या बाजूला एक बारीक वाकडी रेघ होती, शेवटाला दोन फाटे फुटलेली. ती रेघ तिच्याच चिमट्याची होती. पडदा जळण्याच्या आदल्या डिसेंबरात तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेला कार्बनचा एक साधा पदर ती माझी चाचणी घेण्यासाठी बसवत होती. तेव्हा तिला शिंक आली आणि चिमटा घसरला. त्या ओरखड्यासकटच तिने चाचणीचे चित्र काढले होते. सोळा वर्षांत घसरलेला तो एकच चिमटा. ते ती विसरणे शक्य नव्हते.

मग तिने उजवा वरचा कोपरा पाहिला. तिथे चिंचोका नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी बंद ठेवली, इस्त्रीचा सदरा घातला आणि संस्थेच्या संचालक आचान वाचारी यांच्याकडे गेली. त्या साठीच्या बाई, कडक पण सरळ. पी ओइने एप्रिलपासूनचे सगळे सांगितले. पडदा कोणी जाळला तेही. आचान वाचारींनी पिसितला बोलावून घेतले. तो शांतपणे म्हणाला की डाग संगणकाने पुसता येतो, तो आपण पुसला, आणि रेघा तर कुठेही पडतात. पी ओइला कामावरून काढल्याचे दुःख आहे, ते समजण्यासारखे आहे, असेही तो वर म्हणाला.

“ती चकती अजून आहे,” पी ओइ म्हणाली. “तिसऱ्या कपाटात, निर्वात डबीत. वर माझ्या हातची तारीख आहे. ती यंत्रात घाला आणि बघा.”

“यंत्र मेलंय, पी ओइ.”

“मेलं नाही, मारलंय,” ती म्हणाली आणि संचालकांकडे वळली. “मला दोन आठवडे द्या.”

पत्रांनी बेजार झालेल्या आचान वाचारींनी ते दिले.

पी ओइ गोदामात आली आणि तिने पहिल्यांदा त्या पालीला झाडूने हाकलले. मग माझ्या प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहिले. सांध्यांत हवा अडवणाऱ्या तांब्याच्या नव्या कड्या घातल्या, नळ्या जोडल्या, पंप चालू केला. संस्थेचा एक म्हातारा वीजतंत्री तिला मदत करीत होता. तिने मला फॉइलमध्ये गुंडाळले आणि चार दिवस भाजले. पाचव्या दिवशी मी थंड झालो, पण आतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा खाली उतरेना. कुठून तरी हवा आत येत होती. तिने सुईच्या पिचकारीत स्पिरिट घेतले आणि एकेका सांध्यावर थेंब सोडत गेली. छातीवरच्या झडपेवर थेंब पडला आणि काटा थरारला. हीच ती झडप, त्याच्या माणसांनी पिरगाळून उघडलेली. तिच्या कडेला खोक पडली होती. मला वाटले, आता संपले. तिने दिवसभर ती कड घासली, तांब्याची नवी कडी पिळून बसवली आणि मला पुन्हा चार दिवस भाजले. मित्रांनो, त्या उष्णतेत मी एवढेच म्हणत होतो, की मला बरे व्हायचे आहे, आणि ते चांगल्या हेतूने नाही.

बाराव्या दिवशी दुपारी पिसित गोदामात आला. पी ओइ दाराशी बसून जेवत होती. तो आधी बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. तिच्या मुलीचे कॉलेज कसे चालले आहे, ते विचारले. मग म्हणाला की नव्या प्रयोगशाळेत एक कायमची जागा आहे, शब्द टाकला तर ती तिलाच मिळेल. ती भाताचा गोळा करीत राहिली. तो माझ्याजवळ आला आणि त्याचा हात झडपेवर गेला. अर्धा फेरा फिरवला असता तर आठ दिवसांचे भाजणे मातीत गेले असते आणि मुदतीत पुन्हा भाजायला वेळ उरला नव्हता.

पी ओइ उठली नाही. तिने आवाजही चढवला नाही.

“उघडा, आचान,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी जेवायला गेले होते. या वेळी इथंच आहे.”

त्याने हात काढून घेतला. जाताना त्याने तिला हात जोडले. तिच्या हातात भात होता, म्हणून म्हणा किंवा आणखी कशामुळे म्हणा, तिने उलट हात जोडले नाहीत. थायलंडात ही लहान गोष्ट नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी आचान वाचारी आणि त्यांनी नेमलेल्या चौकशी समितीचे पाच जण त्या पत्र्याच्या गोदामात खुर्च्या टाकून बसले. बाजूला फलकावरच्या चित्राची एक प्रत टांगली होती. पिसित शेवटच्या खुर्चीवर होता. पी ओइने डबीवरची तारीख सगळ्यांना दाखवली, चकती आत घातली, हलकी तापवून तिचे तोंड स्वच्छ केले आणि दिवा लावला. पडदा काळाच राहिला. कोणीतरी खुर्ची सरकवली. तिने भिंगाचा विजेचा दाब केसभर वाढवला.

मी माझ्यात होते नव्हते ते सगळे लावले. आधी करड्या सावल्या आल्या. मग कण दिसू लागले, एकमेकांना चिकटलेले, तांब्याच्या पत्र्यावर वाढतात तसे. मग डावीकडे ती वाकडी रेघ उमटली, शेवटाला दोन फाटे फुटलेली. टांगलेल्या चित्रातला कण न् कण पडद्यावर होता. फरक एकच होता. उजव्या वरच्या कोपऱ्यात माझा काळा चिंचोका होता, जो एप्रिलनंतर मी काढलेल्या प्रत्येक चित्रात आहे. मग पी ओइने मजले बदलून दाखवले. नवा पदार्थ तिथे कुठेच नव्हता. होता तो शाळेतल्या पेन्सिलीत असतो तो कार्बन.

आचान वाचारींनी चष्मा काढला. “हे चित्र डिसेंबरातलं आहे,” त्या पिसितला म्हणाल्या. “तुम्ही ते ओइच्या जुन्या चित्रांतून उचललंत.”

पिसित म्हणाला, “मी सगळ्यांसाठी पाणी घेऊन येतो.” तो बाहेर गेला आणि परत आला नाही.

मला त्या क्षणी काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगतो. फार बरे वाटले. आधीच्या सोळा वर्षांतल्या कुठल्याही चित्राने मला इतका आनंद दिला नव्हता.

पारितोषिक परत गेले आणि फलक उतरला. पिसितने राजीनामा दिला. संस्थेने पी ओइला जागा देऊ केली. तिने आधी एक पत्र मागितले, की पडदा तिच्या हातून जळलेला नाही. ते खानावळीच्या फळ्यावर महिनाभर लावायचे, ही तिची अट होती. ते लागले. मग ती आठवड्यातून तीन दिवस येऊ लागली. उरलेले दिवस तिने गाडी सोडली नाही.

पुढच्या जुलैत वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा विहारवास, सुरू झाला तेव्हा पिसितने मुंडण केले, भगवे चीवर नेसले आणि तेवढ्यापुरता तो भिक्खू झाला. इकडे माणसे बदनामीनंतर असे करतात. त्याने शहरापासून लांबचा एक लहान विहार निवडला. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, असे त्याला वाटले असावे. पी ओइने तो विहार शोधून काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटर गेली आणि भिक्षेच्या वाटेवर टोपली घेऊन गुडघे टेकून बसली. तो अनवाणी, खाली मान घालून आला. त्याला फक्त तिचे हात दिसले आणि त्याने पात्र पुढे केले. तिने त्यात चिकट भाताचा एक गोळा घातला.

“हे चीवराला,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही.”

भिक्षा घेतली की दात्याला आशीर्वाद द्यावाच लागतो. त्याला तिच्यापुढे उभे राहून म्हणावे लागले: आयु, वर्ण, सुख, बल. पहिल्या दिवशी त्याचा आवाज ‘सुख’ या शब्दावर फुटला. ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी गेली. पावसात प्लॅस्टिकचा कोट घालून गेली. वर्षावासाचा एकही दिवस तिने चुकवला नाही. रोज पहाटे त्याला आपल्यासाठी दीर्घायुष्य मागायला लावले.

मला हे सांगताना ती माझ्या नळ्या पुसत होती. मी विचारू शकत नव्हतो, पण तिने स्वतःच सांगितले. “शेवटी शेवटी तो मनापासून म्हणायला लागला,” ती म्हणाली. “तेव्हा मात्र मला राग आला.”

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. त्याचा पडदा निर्मळ आहे. मला संस्थेच्या दर्शनी दालनात काचेमागे ठेवले आहे आणि तुमच्यासारखी मुले रांगेने मला पाहायला येतात. माझ्यापुढे पितळी पाटी आहे. तिच्यावर माझा जन्म, माझे वजन आणि सेवेची वर्षे लिहिली आहेत. डोळ्याबद्दल एवढेच लिहिले आहे, की ‘वापरात असताना पडद्याची हानी झाली.’ कोणाच्या हातून, ते नाही. मोठ्या माणसांना एकमेकांची अब्रू सांभाळावी लागते म्हणे.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुठलेही यंत्र वापराल तेव्हा ते ज्याने तुम्हाला शिकवले त्याचे ऐका. हाताने चूक झाली तर ती त्याच हाताने वहीत लिहा. आणि जो माणूस वस्तू पुसतो, जपतो, तिचा आवाज ओळखतो, त्याला दाराबाहेर उभे ठेवून आत लपून बसू नका.

पाटी उतरवून घ्यायला वह्या काढल्याच आहेत, तर पाटीवर नसलेला एक शब्द त्यात उतरवून घ्या. पडदा जाळणाऱ्याचे नाव पिसित.